माशांच्या पोटाचे विकार : टाकींत ओळखावे, तळ्यांत टाळावे

बैलानें वैरण सोडली, गाईनें रवंथ थांबविला किंवा शेळीची लेंडी पातळ झाली म्हणजे कास्तकारास कोणी कांहीं सांगावें लागत नाहीं. गोठ्यांत पाऊल टाकतांच तो जनावराच्या कानास हात लावतो, कुशीवर थाप मारून पोट फुगलें आहे कीं काय तें पाहतो, शेण निरखतो आणि निम्में निदान तेथेंच करतो. ही विद्या त्यास कोणत्याही पुस्तकानें शिकविली नाहीं. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासानें आलेली आहे. माशांच्या बाबतींत मात्र असा सहवास नाहीं. मासा पाण्याखालीं राहतो, ओरडत नाहीं, त्याची विष्ठा कोणाच्या नजरेस पडत नाहीं. आणि तो आजारी आहे हें मालकास कळतें, तेव्हां तो बहुधा पोट वर करून पाण्यावर तरंगत असतो.

वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मधल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावती, बेंबळा, पूस अशा नद्यांवर धरणें आहेत व त्यांत मासेमारी चालते. परंतु आपल्याच वावरांतील पाण्यांत मासे पाळणें ही बहुतेक कास्तकारांस नवी गोष्ट होय. २०१६ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना सुरू केली, आणि ज्यांच्या तळ्यांत सात-आठ महिने पाणी टिकतें अशा कांहीं जणांनीं त्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडून पाहिलें. दुसरीकडे यवतमाळ, पुसद, वणी अशा गांवीं मुलांच्या हौसेखातर दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या आल्या. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं असें वरवर वाटतें. आमच्या मतें संबंध फार जवळचा आहे. टाकींतला सोनेरी मासा, ज्यास बाजारांत गोल्डफिश म्हणतात, तो आणि तळ्यांतला रोहू हे एकाच कुळांतले आहेत. त्यांच्या पोटाची रचना मूळांत सारखीच आहे. तळ्याच्या गढूळ पाण्यांत जें कधींच दिसत नाहीं, तें काचेआडून रोज सकाळीं दिसतें. ज्या घरांत टाकी आहे त्या घरच्या मंडळींनीं तिला केवळ शोभेची वस्तु न मानतां शाळा मानावें, एवढ्याचसाठीं हा लेख आहे. आणि या शाळेंतला पहिला धडा असा कीं, माशाच्या पोटाच्या बहुतेक तक्रारींचें मूळ त्याच्या पोटांत नसून खाद्य घालणाऱ्याच्या हातांत असतें.

माशाचें पोट कसें असतें

गाईस चार कप्प्यांचें पोट असतें, माणसास एक जठर असतें. रोहू, कटला, मृगळ, गवत्या, सायप्रिनस व गोल्डफिश यांस जठर मुळींच नसतें. त्यांच्या जबड्यांतही दांत नसतात. दांत असतात ते घशांत, कल्ल्यांच्या मागील बाजूस. त्यांनीं चिरडलेलें अन्न सरळ आतड्यांत उतरतें. हें आतडें वेटोळें घालून बसलेलें असतें, आणि रोहूसारख्या मुख्यतः वनस्पतींवर जगणाऱ्या माशांत तें शरीराच्या कित्येक पट लांब असतें. जठर म्हणजे अन्नाचें कोठार. ज्यास कोठार नाहीं त्यानें थोडें थोडें आणि वारंवार खावें, अशी ही योजना आहे. समोर एकदम पुष्कळ खाद्य पडलें तर मासा तें खातो, कारण मिळालेला घांस सोडूं नये ही त्याची प्रवृत्ति. परंतु मागून येणाऱ्या घांसानें पुढचा घांस अर्धवट पचलेला असतांनाच ढकलला जातो. याउलट मरळ, मागूर आणि टाकींतला ऑस्कर यांस जठर असतें. ते एकदां पोटभर खाऊन बराच वेळ निवांत राहूं शकतात. म्हणून टाकींत कोणता मासा आहे हें ठाऊक असल्यावांचून त्यास किती वेळां खाऊं घालावें हें ठरवितां येत नाहीं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी जितकें ऊन तितकेंच त्याचें शरीर ऊन. रोहू, कटला व मृगळ यांचें पचन २५ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत उत्तम चालतें. पाणी २० अंशांच्या खालीं गेलें कीं त्यांची भूक बरीच मंदावते. आपल्याकडे पौषांत रात्रीचा पारा कधीं कधीं १० अंशांच्या आसपास उतरतो आणि शेततळ्याचें पाणीही थंड होतें. अशा दिवसांत जो दिवाळींत घालीत होता तितकेंच खाद्य घालतो, तो माशास आजारी पाडण्याची व्यवस्था स्वतःच्या खर्चानें करतो.

निरोगी माशाची ओळख

आजार ओळखावयाचा तर प्रथम आरोग्य ओळखतां आलें पाहिजे. निरोगी मासा खाद्य पडतांच लगबगीनें पुढें येतो, घांस घेतो आणि गिळतो. त्याचे पर उघडलेले असतात, पाण्यांत तो तोल सांभाळून सरळ राहतो, बाजूनें पाहतां पोटाची रेषा किंचित् गोलाईदार दिसते. त्याची विष्ठा खाद्याच्याच रंगाची, आखूड असते. ती लवकर तुटते आणि तळाशीं बसते. ज्याप्रमाणें शेणावरून बैलाचा अंदाज येतो त्याप्रमाणें विष्ठेवरून माशाचा अंदाज येतो. फरक इतकाच कीं ती पाहण्यासाठीं टाकीजवळ पांच मिनिटें स्वस्थ बसावें लागतें. खाद्य घातल्यानंतरची पांच मिनिटें व सायंकाळचीं पांच मिनिटें, एवढा अभ्यास रोज केला तर महिन्याभरांत घरांतील लहान मूलही बिघाड चटकन् सांगूं लागेल.

बिघाडाचीं पांच चिन्हें

पहिलें चिन्ह भूक. मासा खाद्याकडे येत नाहीं, आला तर घांस तोंडांत घेऊन पुन्हां थुंकतो. एखाद्या वेळीं घांस मोठा किंवा कडक असल्यामुळेंही तो असें करतो. म्हणून बारीक करून भिजविलेलें खाद्य देऊन पाहावें. तेंही थुंकलें आणि दोन दिवस हाच प्रकार चालला, तर बिघाड खरा समजावा.

दुसरें चिन्ह विष्ठा. ती लांबलचक दोऱ्यासारखी होऊन माशामागें लोंबत राहिली, मधून मधून तींत हवेचे बुडबुडे दिसले, तर अतिरिक्त खाद्य किंवा बद्धकोष्ठ यांचा संशय घ्यावा. ती पांढरी, जवळ जवळ पारदर्शक व बुळबुळीत दिसली तर आतड्यांत अन्न नसून केवळ आंतील शेंबडासारखा पदार्थ बाहेर पडत आहे असें समजावें. उपाशी माशासही असें होतें. म्हणून एका दिवसाच्या पांढऱ्या दोऱ्यानें घाबरूं नये. परंतु मासा खात असूनही विष्ठा आठवडाभर पांढरी राहिली व तो खंगत चालला, तर आतड्यांत सूक्ष्म जीव किंवा कृमि असण्याचा संभव असतो. ऑस्कर व एंजल या जातींत हा प्रकार विशेष आढळतो.

तिसरें चिन्ह पोटाचा आकार. खाल्ल्यावर तासाभरापुरतें पोट थोडें फुगलेलें दिसणें हा दोष नव्हे. तें दिवसभर तसेंच राहिलें, किंवा एकाच बाजूनें फुगलें, तर मात्र लक्ष द्यावें. सारें अंग सुजून खवले उभे राहिले, आणि वरून पाहतां मासा सीताफळाच्या सालीसारखा दिसूं लागला, तर तें साधें अपचन नव्हे. शरीरांत पाणी सांठलें असून मूत्रपिंडें निकामी होत आल्याची ती खूण आहे, आणि त्यांतून मासा क्वचितच वांचतो. उलट पोट आंत ओढलें जाऊन डोकें मोठें व धड सुरीसारखें पातळ दिसणें, ही दीर्घकाळच्या उपासमारीची किंवा कृमींची निशाणी होय. गाभोळी भरलेल्या मादीचेंही पोट मोठें दिसतें. परंतु तें दोन्ही बाजूंनीं सारखें असतें आणि ती खाण्यांत व पोहण्यांत चपळ असते. रोहू व कटला यांत अंडीं बहुधा दुसऱ्या वर्षापासून पुढें तयार होतात. तेव्हां पहिल्याच वर्षाच्या रोहूचें पोट फुगलें तर ‘अंडीं असतील’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये.

चौथें चिन्ह गुदद्वार. तें लाल, सुजलेलें व बाहेर आलेलें दिसलें तर आतड्यांस दाह झाला आहे. अंगावर किंवा परांच्या बुंध्याशीं रक्ताचे ठिपकेही असतील तर जंतूंचा उपद्रव जवळ जवळ नक्की. डांस कमी व्हावे म्हणून आपण हौदांत व डबक्यांत सोडतों त्या गप्पी माशांत, गुदद्वारांतून बारीक लाल दोरे बाहेर डोकावतांना कधीं कधीं दिसतात. मासा स्थिर असतां ते स्पष्ट होतात व तो हालतांच आंत जातात. ते आतड्यांतले जंत होत. असा गप्पी टाकींत किंवा दुसऱ्या हौदांत सोडणें म्हणजे जंतांस नवें घर देणें होय.

पांचवें चिन्ह पोहणें. मासा डोकें खालीं करून किंवा एका कुशीवर तरंगतो, तळाशीं जाऊं पाहतो पण पुन्हां वर येतो. अथवा तळाशीं पडून राहतो व वर येण्यास धडपडतो. माशाच्या पोटांत हवेची एक पिशवी असते व तिच्या योगें तो पाण्यांत तोल सांभाळतो. आतडें फुगून तिच्यावर दाब आला कीं तोल जातो. आखूड, वाटोळ्या अंगाच्या गोल्डफिशमध्यें हें वारंवार घडतें, कारण शोभेसाठीं माणसानें त्यांचें अंग आखूड करतांना आंतील इंद्रियांची जागाही आखूड केली.

हीं पांचही चिन्हें एकत्र पाहावीं. एकच चिन्ह व एकच दिवस यांवरून औषध शोधण्यास धांवूं नये. दोन चिन्हें व दोन दिवस मिळाले म्हणजे बिघाड गृहीत धरण्यास हरकत नाहीं.

पोट कीं पाणी?

येथें एक इशारा देणें आम्ही कर्तव्य समजतों. पोटाचा विकार एकेका माशास होतो आणि दिवसांमागून दिवस जातां वाढतो. एका रात्रींत लहानमोठे सर्वच मासे मेले, तर दोष पोटाचा नसून पाण्याचा आहे. पहांटे सर्व मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळीत असतील आणि ऊन चढल्यावर खालीं जात असतील, तर पाण्यांत प्राणवायु कमी पडला आहे. रात्रीं पाण्यांतील शेवाळ प्राणवायु देत नाहीं, उलट घेतें; त्यामुळें पहांटे तो सर्वांत कमी असतो, आणि ढगाळ दिवसानंतर अधिकच कमी होतो. लिटरमागें ५ मिलिग्रॅमहून प्राणवायु कमी झाला कीं माशाची भूक मंदावते. तो ३ मिलिग्रॅमच्या खालीं गेला असतां खाद्य घालणें सर्वथा बंद करावें, कारण त्या स्थितींत खाल्लेलें पचविण्यासही प्राणवायु शिल्लक नसतो.

मासे अचानक वेड्यासारखे धांवूं लागले, उड्या मारूं लागले व पाठोपाठ मेले, तर विषाचा संशय घ्यावा. २०१७ च्या हंगामांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हें कोणी विसरलेलें नाहीं. ज्या द्रव्यानें धट्टाकट्टा माणूस मरतो त्याचे थोडे थेंबही माशांचा नाश करण्यास पुरतात. फवारणीचा पंप तळ्याच्या कांठीं धुऊं नये, पऱ्हाटींतून वाहून येणारें पाणी तळ्यांत येऊं देऊं नये, आणि अशा रीतीनें मेलेले मासे विकूं वा खाऊं नयेत.

कारणें

सर्वांत मोठें कारण अतिरिक्त खाद्य. टाकींत दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य एका वेळीं घालावें. घरांत चार माणसें असलीं व चौघांनींही प्रेमानें चिमूट चिमूट टाकली, तर टाकींत चौपट खाद्य पडतें. म्हणून हें काम घरांतील एकाकडेच असावें. न खाल्लेलें खाद्य कुजतें, त्यापासून अमोनिया होतो, अमोनियानें कल्ले जळतात, आणि मग निरोगी मासाही खाईनासा होतो. पाहणारा म्हणतो, मासा खात नाहीं, त्यास दुसरें चांगलें खाद्य घाला. आणि फेरा वाढत जातो.

तळ्यांत हाच हिशेब रुपयांत मोजला जातो. समजा तळ्यांत १,००० मासे असून प्रत्येकाचें वजन सरासरी २५० ग्रॅम आहे. एकूण वजन २५० किलो झालें. वजनाच्या शेंकडा २ प्रमाणें रोजचें खाद्य ५ किलो, म्हणजे महिन्यास १५० किलो. त्यांतलें चौथा हिस्सा जरी खाल्लें गेलें नाहीं, तरी महिन्याला ३७ किलोंहून अधिक पेंड व कोंडा तळाशीं कुजत पडेल. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांत तर ही घाण जिरवावयास मातीही नसते.

दुसरें कारण खराब खाद्य, आणि हें आपल्या जिल्ह्यास विशेष लागू आहे. कपाशीच्या या मुलखांत सरकीची ढेप घरोघरीं असते. जी गाईस चालते ती माशासही चालेल असें समजून ती तळ्यांत टाकण्याचा मोह होतो. सरकींत गॉसिपॉल नांवाचें एक पिवळें द्रव्य असतें. गाईम्हशींच्या मोठ्या पोटांतले जंतु तें बरेंचसें निरुपद्रवी करून टाकतात. माशास तसें पोट नाहीं. शिवाय टरफलासकट काढलेल्या ढेपेंत चोथा फार असतो व तो आखूड वेळांत पचत नाहीं. तेव्हां सरकीची ढेप हें माशांचें मुख्य अन्न करूं नये. शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग, हें जुनें मिश्रण अधिक बरें. सोयाबीनही आपल्याकडे विपुल पिकतें; परंतु कच्च्या सोयाबीनमध्यें पचन रोखणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें नाहींसें होतें, म्हणून सोयाबीन चांगलें भाजून किंवा उकडूनच वापरावें.

याहून घातक गोष्ट बुरशी. श्रावण-भाद्रपदांत कोठींतली पेंड दमट होते, तिचे गोळे बांधतात, तिला कुबट वास येतो. ‘गुरें खात नाहींत, तर मासे तरी खातील’ म्हणून अशी पेंड तळ्यांत टाकणें हा खोटा काटकसरीपणा होय. बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें, तें यकृत बिघडवितें, आणि शिजविल्यानेंही तें नष्ट होत नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनें मेले, आणि त्याच सुमारास अमेरिकेंतील मत्स्यपालन केंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतांत गांठी होण्याची सांथ आली. शोधाअंतीं त्या सांथीचें मूळ त्यांच्या खाद्यांतील बुरसलेल्या सरकी पेंडींत निघालें. जी वस्तु आपल्या कोठींत पडून असते तिनेंच परदेशांतील मोठमोठ्या केंद्रांचें नुकसान केलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरें कारण कृमि व जंतु. पूर्वीं माशांचें बीज नद्यांतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला, आणि तेव्हांपासून बीजाची टंचाई हळूहळू दूर झाली. परंतु बीज जसें दूरवर जाऊं लागलें तसे त्याजबरोबर रोगही प्रवास करूं लागले. पूर्व आशियांतील एक चपटा जंत गवत्या माशाबरोबर अनेक देशांत पसरला; तो आतड्याच्या पुढल्या भागांत चिकटून वाट अडवितो आणि लहान पिल्लें त्यानें मरतात. यास्तव टाकींत नवा मासा आणल्यास तो दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यांत ठेवावा. आणि तळ्यासाठीं बीज घेतांना पोट फुगलेलीं, खंगलेलीं किंवा सुस्त पिल्लें असलेली पिशवी स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

टाकींतील उपाय

प्रथम खाद्य बंद करावें. मोठ्या निरोगी बांध्याच्या माशास दोन-तीन दिवसांचा उपवास अपाय करीत नाहीं. उलट हें सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वांत गुणकारी औषध आहे. अगदीं लहान पिल्लांस मात्र इतका उपवास घडवूं नये. त्याबरोबरच टाकींतलें एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावें. नवें पाणी नळाचें असल्यास तें उघड्या भांड्यांत एक दिवस ठेवून त्यांतील क्लोरीन जाऊं द्यावा, व त्याची उष्णता टाकींतील पाण्याइतकीच असावी.

उपवासानंतर गोल्डफिशला उकडून साल काढलेल्या वाटाण्याचा बारीक तुकडा द्यावा. त्यांतील चोथ्यानें कोठा मोकळा होतो. सुकें, तरंगतें खाद्य देणें असल्यास तें आधीं भिजवावें, म्हणजे तें पोटांत जाऊन फुगत नाहीं व खातांना हवाही गिळली जात नाहीं. बद्धकोष्ठ हट्टी असेल तर औषधांच्या दुकानांत मिळणारें एप्सम मीठ वेगळ्या भांड्यांत २० लिटर पाण्यास एक चहाचा चमचा या प्रमाणांत विरघळवून त्यांत मासा ठेवतात. खाण्याचें मीठ व एप्सम मीठ हे दोन भिन्न पदार्थ आहेत. त्यांची अदलाबदल करूं नये. आठवड्याभरांत उतार न पडल्यास, किंवा लाल दोरे, उभे खवले अथवा रक्ताचे ठिपके दिसल्यास, घरगुती उपाय सोडून जाणत्यास विचारावें. जंतांचीं व जंतूंचीं औषधें अंदाजानें पाण्यांत ओतूं नयेत. आणि टाकींतलें औषध खाण्याच्या माशांच्या तळ्यांत तर कधींच घालूं नये, कारण त्याचा अंश शेवटीं माणसाच्या ताटांत येतो.

तळ्यांतील परीक्षा

तळ्यांत मासा दिसत नाहीं, पण त्याची भूक मोजतां येते. जाळीची किंवा बांबूची एक परात दोरीनें अर्धा मीटर पाण्यांत टांगावी, रोजच्या खाद्यांतला कांहीं भाग तींत ठेवावा आणि दोन तासांनीं ती वर काढून पाहावी. परात रिकामी असेल तर खाद्य योग्य आहे. शिल्लक राहिलें तर दुसऱ्या दिवशीं तेवढें कमी करावें. कालपर्यंत रिकामी होणारी परात आज भरलेली निघाली तर थंडी, ढग, प्राणवायु व रोग या क्रमानें कारण शोधावें. आंध्रांत तळें-मालक छिद्रें पाडलेल्या पिशव्यांत खाद्य भरून त्या बांबूस बांधतात. मासे छिद्रांतून हवें तेवढें खातात व उरलेलें डोळ्यांस दिसतें. खाद्य रोज ठराविक जागीं, ऊन चढल्यावर घालावें. पहांटे घालूं नये.

महिन्यांतून एकदां फेकजाळें टाकून वीस-पंचवीस मासे धरावे, त्यांचें वजन घ्यावें, आणि प्रत्येकाचें पोट व गुदद्वार पाहून लगेच पाण्यांत सोडावे. वजन वाढत नाहीं आणि खाद्य मात्र संपतें, तर एक तर खाद्य निकृष्ट आहे किंवा आतड्यांत वांटेकरी बसले आहेत. नुकताच मेलेला मासा मिळाला तर फेकून न देतां पोट फाडून पाहावा. आतडें लालभडक, अन्नाशिवाय केवळ पिवळट पाण्यानें भरलेलें असेल तर दाह. पांढऱ्या फितीसारखें कांहीं आढळलें तर जंत. यकृत तपकिरी-तांबूस नसून फिकट पिवळें असेल तर खाद्यावर संशय घ्यावा. चार-सहा तास उन्हांत पडलेल्या माशावरून मात्र कांहीं ठरवूं नये.

तपासणीसाठीं मासे पाठवावयाचे असल्यास प्राणवायु भरलेल्या पिशवींत जिवंत आजारी मासे पाठविणें सर्वोत्तम. तें न जमल्यास नुकतेच मेलेले मासे बर्फावर ठेवून, आणि तळ्याचें पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलींत, असें न्यावें. सोबत खाद्याचा मूठभर नमुना व तें केव्हां, किती घातलें हें लिहिलेला कागद असावा. जिल्ह्याचें मत्स्यव्यवसाय कार्यालय व यवतमाळचें कृषि विज्ञान केंद्र यांत प्रथम विचारावें. नागपुरास महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे.

वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं एकीलाही मोठा खर्च नाहीं. लागते ती एक परात, एक वही आणि रोजची थोडी नजर. वहींत तारीख, हवा, घातलेलें खाद्य व उरलेलें खाद्य या चार गोष्टी लिहाव्या. आणि घरीं टाकी असेल तर तिची वही मुलांकडे द्यावी. ज्या घरचें मूल काचेआडच्या माशाची विष्ठा पाहून ‘आज याला खाऊं घालूं नका’ असें सांगतें, त्या घरचा कास्तकार ढगाळ सकाळीं तळ्याच्या कांठीं खाद्याचें पोतें न सोडतांच परत फिरेल, आणि त्या दिवशीं त्याचे मासेही वांचतील व पेंडही वांचेल.